लेडनहॉल रस्त्यावरील कारकून

लंडन शहराच्या जुन्या व्यापारी भागांत लेडनहॉल नांवाचा एक रस्ता आहे. त्या रस्त्यावर आज लॉइड्स या विमेवाल्या संस्थेची, नळ आणि जिने बाहेरच्या अंगास काढलेली, पोलादी इमारत उभी आहे. १८६१ सालीं पाडून टाकीपर्यंत त्याच जागीं ईस्ट इंडिया हाऊस, म्हणजे ईस्ट इंडिया कंपनीची मुख्य कचेरी होती. हिंदुस्थानावर कंपनीच्या वतीनें राज्य कोणीं केलें असें विचारलें तर आपण वेलस्ली, एल्फिन्स्टन, बेंटिंक, डलहौसी अशीं नांवें घेतों. परंतु या मंडळींस आज्ञा करणारे, त्यांच्या कृत्यांचा जाब विचारणारे, आणि बहुधा शेवटीं त्या कृत्यांवर संमतीची मोहोर उठविणारे खलिते ज्या मेजांवर लिहिले जात तीं मेजें या घरांत होतीं. त्या मेजांशीं बसणाऱ्या माणसांपैकीं पुष्कळांनीं हिंदुस्थान जन्मांत पाहिलेला नव्हता.

या घरांत एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धांत तीन नोकर असे होऊन गेले, कीं कंपनीच्या इतिहासांत त्यांचीं नांवें फारशीं येत नाहींत, पण इंग्रजी वाङ्मयाच्या इतिहासांतून तीं काढून टाकणें शक्य नाहीं. निबंधकार चार्ल्स लँब, कादंबरीकार टॉमस लव्ह पीकॉक आणि तत्त्ववेत्ता जॉन स्टुअर्ट मिल हे ते तिघे होत. पहिल्यानें तेहतीस, दुसऱ्यानें सदतीस आणि तिसऱ्यानें पस्तीस वर्षें कंपनीची चाकरी केली. १८२३ च्या मे महिन्यापासून १८२५ च्या मार्च महिन्यापर्यंत हे तिघेहि एकाच छपराखालीं बसून, एकाच धन्याचें मीठ खात होते. दिवसा कचेरींत आणि रात्रीं सरस्वतीच्या दारीं अशी दुहेरी चाकरी या माणसांनीं कशी निभावली, ती निभावतांना त्यांच्या मनावर व शरीरावर काय गुजरलें, आणि त्यांच्या लेखनास लाभलेल्या स्वास्थ्याची किंमत शेवटीं कोणीं दिली, हा प्रस्तुत लेखाचा विषय आहे.

आपल्याकडील सुशिक्षित वर्गास हा विषय परका वाटण्याचें कारण नाहीं. या वर्गाचा जन्मच मुळीं कचेरींत झाला. बाळशास्त्री जांभेकरांपासून न्यायमूर्ति रानड्यांपर्यंत अर्वाचीन मराठी विद्येचे बहुतेक कर्ते पुरुष सरकारच्या पगारपत्रकावर होते. १८७९ सालीं विष्णुशास्त्री चिपळूणकरांनीं सरकारी शाळेंतील जागेचा राजीनामा दिला ही गोष्ट आपण अजून कौतुकानें सांगतों, याचें कारण ती विरळा होती हेंच होय. बाकीच्यांनीं राजीनामा दिला नाहीं. त्यांनीं सकाळ आणि संध्याकाळ यांच्यामधला दिवस सरकारला विकला आणि उरलेल्या दोन टोंकांत काय जमेल तें केलें.

इंडिया हाऊसमधील कामाचें स्वरूप थोडें समजून घेतलें पाहिजे. कंपनीच्या हिंदुस्थानांतील अधिकाऱ्यांनीं केलेल्या प्रत्येक गोष्टीची लेखी हकीकत लंडनला पाठवावी लागे. कौन्सिलांतील चर्चा, कलेक्टरांचे अहवाल, संस्थानिकांचीं पत्रें, जमाबंदीचे तक्ते, या सर्वांच्या नकला होऊन त्यांचे जाडजूड बांधीव ग्रंथ जहाजांतून रवाना होत. १८१४ ते १८२९ या सोळा वर्षांत अशा ग्रंथांची संख्या बारा हजारांवर गेली होती. हें सर्व वाचावयाचें, त्याचा गोषवारा काढावयाचा, मागील पत्रांशीं ताडून पाहावयाचें आणि परिच्छेदागणिक उत्तराचा मसुदा तयार करावयाचा, हें काम परीक्षक म्हणून जो मुख्य अधिकारी असे त्याच्या खात्याकडे होतें. मसुदा आधीं कंपनीच्या अध्यक्षाकडे, मग सरकारनें नेमलेल्या बोर्ड ऑफ कंट्रोलकडे, तेथून परत संचालकांकडे असा फिरे. केप ऑफ गुड होपला वळसा घालून येणाऱ्या जहाजास पांच-सहा महिने लागत. म्हणजे पुण्यास किंवा कलकत्त्यास विचारलेल्या प्रश्नाचें उत्तर तेथें पोंचेपर्यंत वर्ष उलटून जाई, आणि पुष्कळदां प्रश्न विचारणारा अधिकारी बदलून किंवा मरून गेलेला असे. काम अफाट, पण घाई नाहीं, असा हा प्रकार होता. याच संथपणाच्या फटींत वाङ्मय उगवलें. टास्सो आणि आरिओस्तो या इटालियन कवींचें भाषांतर करणारा जॉन हूल हाहि अठराव्या शतकांत याच घरांतला एक हिशेबनीस होता. तेव्हां ही परंपरा लँबच्याहि आधींची.

लँबला मात्र या संथपणाचा लाभ कमीच मिळाला. तो परीक्षकाच्या खात्यांत नव्हता, हिशेबखात्यांत होता. चहा, नीळ, कापड यांच्या लिलावाच्या रकमा खतावण्यांत चढविणें हें त्याचें काम. बाप एका वकिलाच्या पदरीं होता. ख्राइस्ट्स हॉस्पिटल या धर्मादाय शाळेंत कोलरिजच्या सोबतीनें शिकलेला हा हुशार मुलगा बोलतांना अडखळत असे, आणि या एका व्यंगामुळें धर्मोपदेशकाच्या शिक्षणाची व तिच्याबरोबर विश्वविद्यालयाची वाट त्याला बंद झाली. चौदाव्या वर्षीं शाळा सुटली. १७९२ च्या एप्रिलांत, वयाच्या अठराव्या वर्षीं, तो कंपनींत शिरला. पहिलीं तीन वर्षें पगारच नव्हता. १७९५-९६ च्या हिवाळ्यांत त्याच्या बुद्धीस भ्रंश होऊन सहा आठवडे त्याला वेड्यांच्या रुग्णालयांत राहावें लागलें. तो बरा होऊन कामावर परतला, आणि २२ सप्टेंबर १७९६ रोजीं त्याची थोरली बहीण मेरी हिनें वेडाच्या झटक्यांत स्वतःच्या आईस सुरीनें ठार मारलें.

त्या वेळीं लँब एकवीस वर्षांचा होता. बहिणीस जन्मभर वेड्यांच्या इस्पितळांत टाकावें असा सल्ला आप्तांनीं दिला. लँबनें तो ऐकला नाहीं. तिची जबाबदारी स्वतःवर घेतली आणि पुढें अडतीस वर्षें, म्हणजे मरेपर्यंत, तिला संभाळलें. त्यानें लग्न केलें नाहीं. मेरीचा आजार अधूनमधून उलटे. तो येणार अशीं चिन्हें दिसलीं कीं दोघें बहीणभाऊ हातांत हात घालून, डोळे पुसत, रुग्णालयाची वाट चालूं लागत. ही हकीकत ध्यानांत ठेवल्यावांचून लँबच्या नोकरीसंबंधीं बोलूं नये. कचेरीचा त्याला कंटाळा होता हें तो पत्रोपत्रीं लिहितो. धार्मिक सणांच्या सुट्या एकामागून एक कमी झाल्या याचा शोक करतो, लांकडी मेज आपल्या आत्म्यांत शिरलें आहे अशा अर्थाची तक्रार करतो. पण या कंटाळवाण्या कचेरीनें दर तिमाहीस बिनचूक पगार दिला, आणि त्या पगारावर मेरीचें औषधपाणी व स्वतंत्र बिऱ्हाड चाललें. ज्याच्या घरांत केव्हां काय होईल याचा नेम नाहीं, त्याला रोज दहा वाजतां एका ठराविक खुर्चीवर जाऊन बसावें लागणें ही शिक्षा कीं आधार? आमच्या मतें तो आधारच अधिक होता, आणि लँबलाहि हें मनांतून कळत होतें. क्वेकर पंथाचा बर्नार्ड बार्टन नांवाचा एक कवि बँकेंत कारकून होता. १८२३ सालीं त्यानें बँक सोडून केवळ लेखणीवर जगण्याचा विचार बोलून दाखवितांच, एरवीं नेहमीं थट्टेंत बोलणारा लँब एकदम गंभीर झाला. पुस्तकविक्यांच्या दयेवर जगण्यापेक्षां कड्यावरून उडी टाक, पण बँक सोडूं नको, असा त्याच्या पत्राचा रोख आहे.

लँब लिही केव्हां, असा प्रश्न पडतो. संध्याकाळीं घरीं स्नेह्यांची वर्दळ असे. ती चुकविण्यासाठीं १८०६ सालीं त्यानें लेखनासाठीं म्हणून एक स्वतंत्र खोली भाड्यानें घेतली. पण एकांत मिळाल्यावर त्यांत कांहींच लिहून होईना, तेव्हां तो बेत सोडून द्यावा लागला. वर्ड्स्वर्थला व कोलरिजला गेलेलीं त्याचीं कित्येक उत्तम पत्रें कचेरीच्या कागदावर, कचेरीच्या वेळांत लिहिलेलीं आहेत. वरिष्ठांनीं उशिरा येण्याबद्दल बोल लावला असतां, ‘पण मी जातों किती लवकर हें पाहा’ असें तो म्हणाला ही गोष्ट तर सर्वांस ठाऊक आहे. ती खरी असो वा रचलेली, हिशेबखात्यांतल्या माणसाचा सूड तीत चांगला उतरला आहे. १८०६ च्या डिसेंबरांत त्याचें एक प्रहसन ड्रुअरी लेन नाटकगृहांत पहिल्याच रात्रीं कोसळलें, आणि प्रेक्षकांबरोबर शिट्या मारण्यांत तो स्वतः सामील झाला. पुढल्या वर्षीं निघालेल्या शेक्सपीअरच्या नाट्यकथा मात्र चालल्या. आपल्या शाळांतून कित्येक पिढ्यांनीं शेक्सपीअरचें प्रथम दर्शन त्या पुस्तकांतच घेतलें. त्यांतील सुखान्त नाटकांच्या बहुतेक कथा मेरीच्या हातच्या आहेत, ही गोष्ट मुखपृष्ठावर बरेच दिवस नव्हती.

ज्या निबंधांमुळें लँब अजरामर झाला ते ‘इलाया’ या टोपणनांवानें १८२० च्या ऑगस्टपासून लंडन मॅगझीन या मासिकांत येऊं लागले. तेव्हां त्याचें वय पंचेचाळीस होतें आणि नोकरीस अठ्ठावीस वर्षें झालीं होतीं. नांवहि त्यानें कारकुनाचेंच उसनें घेतलें. तो ज्या साउथ सी हाऊसमध्यें थोडे दिवस होता तेथील एका इटालियन सोबत्याचें तें नांव. पहिला निबंध त्याच कचेरीवर आहे. विषयासाठीं त्याला लांब जावें लागलें नाहीं. वह्यांची धूळ, जुन्या हिशेबनिसांच्या लकबी, सुटीच्या दिवशीं पाहिलेलें ऑक्सफर्ड, ही सर्व त्याची सामग्री नोकरीनेंच पुरविली. सुटी दुर्मिळ असल्यावांचून सुटीवर असें कोणी लिहीत नाहीं.

२९ मार्च १८२५ रोजीं संचालकांनीं त्याला सालीना ४४१ पौंडांचें निवृत्तिवेतन देऊन मुक्त केलें. तेहतीस वर्षें ज्याची वाट पाहिली तो दिवस उजाडला, आणि लँब गोंधळून गेला. सर्व दिवस रविवार झाल्यामुळें एकहि दिवस रविवार राहिला नाहीं, अशा आशयाचा निबंध त्यानें लगेच मे महिन्यांत लिहिला. जुन्या मेजाकडे तो फेऱ्या मारूं लागला. तेथें दुसराच कोणी बसलेला पाहून त्याला ओशाळल्यासारखें झालें. पुढचीं पावणेदहा वर्षें संपूर्ण मोकळीं होतीं, पण इलायाचें मोठें काम मागेंच झालें होतें. एन्फील्ड, नंतर एडमंटन अशा लंडनबाहेरच्या गांवीं बिऱ्हाड गेलें, मेरीचा आजार वाढला, सोबती तुटले. १८३४ च्या डिसेंबरांत रस्त्यांत पडून चेहऱ्यास झालेली जखम चिघळून तो मेला. आपलीं छापील पुस्तकें म्हणजे करमणूक होती, खरे ग्रंथ लेडनहॉल रस्त्यावरील फळ्यांवर आहेत, अशी थट्टा त्यानें स्वतःसंबंधीं लिहून ठेवली होती. त्या खतावण्यांपैकीं एकहि आज कोणी आवडीनें वाचणार नाहीं हें खरें. पण त्या थट्टेंत निव्वळ थट्टाच होती असें आम्हांस वाटत नाहीं.

पीकॉकची गोष्ट उलट आहे आणि ती थोडक्यांत सांगतां येते. १८१९ सालीं, चौतीसाव्या वर्षीं, तो परीक्षकाच्या खात्यांत घेतला गेला. त्यापूर्वीं त्याला निश्चित धंदा नव्हता. शेलीचा स्नेही आणि ‘नाइटमेअर ॲबी’सारख्या खोडकर कादंबऱ्यांचा कर्ता एवढीच त्याची ओळख. नोकरी लागतांच त्यानें, आठ वर्षें जिला पाहिलें नव्हतें अशा एका वेल्श मुलीस पत्रानें मागणी घातली आणि ती मान्य झाली. कचेरींतला दिवस दहापासून चारपर्यंत न्याहारींत, जांभया देण्यांत व घड्याळ पाहण्यांत कसा जातो यावर त्यानें एक विनोदी पद्य केलें आहे. त्यावरून हे लोक कांहीं करीतच नसत असा समज कोणीं करून घेऊं नये. वाफेच्या जहाजांनीं हिंदुस्थानचा मार्ग जवळ करावा यासाठीं सर्वांत अधिक खटपट करणाऱ्यांत पीकॉक होता. १८३४ च्या पार्लमेंटरी समितीपुढें त्यानें साक्ष दिली, युफ्रेटीस नदीच्या मार्गाची पाहणी पुरस्कारली, लोखंडी आगबोटी बांधवून घेतल्या. १८३६ सालीं जेम्स मिल वारल्यावर तो मुख्य परीक्षक झाला.

आणि त्याची लेखणी थांबली. १८३१ च्या ‘क्रॉचेट कॅसल’नंतर पुढली कादंबरी निघाली ती १८६० सालीं, म्हणजे निवृत्तीनंतर चार वर्षांनीं. मधलीं जवळजवळ तीस वर्षें कादंबरीकार पीकॉक अस्तित्वांतच नव्हता. धाकटी मुलगी वारल्यापासून पत्नीचें मन बिघडलेलें होतें, हें एक कारण. परंतु दुसरें कारण त्याच्या हुद्द्यांत शोधावें लागतें. कारकुनास मन दुसरीकडे ठेवून काम करतां येतें. खात्याच्या मुख्यास तें जमत नाहीं, आणि ज्याला आपलें काम मनापासून आवडूं लागलें त्याला तर मुळींच नाहीं. पीकॉकला आगबोटी आवडल्या. ज्या संथ डाकेच्या आश्रयानें इंडिया हाऊसमध्यें वाङ्मय फोंफावलें, तीच डाक वेगवान करण्यांत त्याचीं उत्तम वर्षें खर्च झालीं, यांतला विनोद त्याच्या स्वतःच्या कादंबरीस शोभेल असा आहे.

आतां मिल. कंपनींत त्याचा प्रवेश बापाच्या बोटास धरून झाला. जेम्स मिलनें हिंदुस्थानचा इतिहास लिहिला तेव्हां त्याला कसलीच नोकरी नव्हती. वाढतें कुटुंब, नियतकालिकांच्या लेखांवर पोट, आणि त्याच मेजाच्या दुसऱ्या बाजूस धड्याला बसलेला जॉन, अशा स्थितींत अकरा-बारा वर्षें खपून त्यानें तो ग्रंथ १८१८ च्या आरंभीं बाहेर आणला. हिंदुस्थान न पाहतां व तेथील एकहि भाषा न शिकतां लिहिलेला हा इतिहास हिंदु संस्कृतीबद्दल किती अनुदार आहे हें आपल्या वाचकांस सांगावयास नको. त्याच ग्रंथाच्या जोरावर त्याला कंपनींत जागा मिळाली; आणि २१ मे १८२३ रोजीं, सतरावें वर्ष पुरें झाल्याच्या दुसऱ्याच दिवशीं, त्यानें मुलासहि आपल्या हाताखालीं लावून घेतलें.

जॉन मिलच्या आत्मचरित्रांत नोकरीचें जें समर्थन आहे तें विचार करण्याजोगें आहे. लेखणीवर पोट भरणाऱ्यास टिकाऊ लेखन करतां येत नाहीं, कारण टिकाऊ पुस्तकांचें मोल हातीं येण्यास फार काळ लागतो, आणि जें लवकर पैसा देतें तें टिकत नाहीं, असें तो म्हणतो. कचेरीचें काम त्याला इतर चिंतनापासून विश्रांतीसारखें वाटे. शिवाय, आपलें म्हणणें ज्यांस पटवावयाचें त्यांच्या पूर्वग्रहांना संभाळून कसें मांडावें, सर्व मिळत नाहीं तेव्हां थोड्यावर समाधान कसें मानावें, हें मसुद्यांनीं शिकविलें, असेंहि त्यानें नमूद केलें आहे. तोटे दोन सांगितले आहेत: पार्लमेंटचें दार बंद झालें, आणि वर्षांतून एका महिन्याच्या रजेपलीकडे लंडनबाहेर राहतां येईना. सकाळीं केन्सिंग्टनहून चालत यावें, दहा वाजतां कचेरींतच चहा, अंडें व पाव-लोणी घ्यावें, आणि मग संध्याकाळच्या जेवणापर्यंत तोंडांत कांहीं घालूं नये, असा त्याचा क्रम त्याच्या चरित्रकारानें दिला आहे.

परंतु हें समर्थन उतारवयांतलें आहे, आणि त्यांत ज्या गोष्टी हलक्या हातानें सांगितल्या आहेत त्याहि पाहिल्या पाहिजेत. विसाव्या वर्षाच्या आधीं हा मुलगा दिवसा कंपनीचे मसुदे लिही, फावल्या वेळांत बेंथॅमच्या पुराव्यावरील ग्रंथाचीं गचाळ हस्तलिखितें जुळवून पांच खंडांचें पुस्तक तयार करी, धाकट्या भावंडांस शिकवी आणि वादसभांत भाषणें करी. १८२६ च्या शरदृतूंत त्याचें मन एकाएकीं सुकून गेलें. कशांतच रस वाटेना, झोंपेनेंहि बरें वाटेना. हें कित्येक महिने चाललें, आणि घरांत किंवा कचेरींत कोणास त्याचा पत्ताहि लागला नाहीं, कारण नेहमींचीं कामें तो यंत्रासारखीं उरकीतच होता. पृथक्करणाच्या संवयीनें भावना झिजल्या असें कारण तो स्वतः देतो. आम्ही मात्र त्या दिवसांचा नुसता कामाचा हिशेब मांडून पाहिला तरी पुष्कळ उलगडा होतो, असें म्हणतों. पुढें काव्यवाचनानें, विशेषतः वर्ड्स्वर्थच्या कवितांनीं, तो सांवरला. १८३६ सालीं बापाच्या मृत्यूच्या सुमारास दुसरा फटका बसला. कचेरी आणि एका त्रैमासिकाचें संपादन हीं दोन्ही ओझीं एकदमच डोक्यावर होतीं. मेंदूच्या विकारासाठीं तीन महिन्यांची रजा घ्यावी लागली, आणि डोळ्यापाशीं उडणारी एक शीर जन्माची सोबतीण झाली. १८३९ सालीं प्रकृतीसाठीं सहा महिने इटलीस जावें लागलें.

असें असूनहि तर्कशास्त्रावरील त्याचा ग्रंथ १८४३ सालीं आणि अर्थशास्त्रावरील १८४८ सालीं बाहेर पडला. पहिल्यास सुमारें तेरा वर्षें लागलीं, दुसऱ्यास दोनांहून थोडीं अधिक. आणि त्या दोनांतहि सहा महिने आयर्लंडच्या दुष्काळावर वर्तमानपत्रांत लेख लिहिण्यांत गेले होते. याशिवाय पस्तीस वर्षांत त्यानें लिहिलेल्या सरकारी मसुद्यांची संख्या सतराशेंच्या घरांत जाते. इतकें काम एका माणसाच्या हातून झालें याचें आश्चर्य वाटतें तें रास्त आहे.

पण महाराष्ट्रांतील वाचकास येथेंच थांबतां येत नाहीं. मिलकडे जें खातें होतें तें संस्थानांशीं होणाऱ्या पत्रव्यवहाराचें. ५ सप्टेंबर १८३९ रोजीं साताऱ्याचे छत्रपति प्रतापसिंह यांस मुंबईचा गव्हर्नर सर जेम्स कारनॅक यानें पदच्युत केलें. गोव्याच्या पोर्तुगीजांशीं गुप्त कारस्थान केल्याचा आरोप त्यांवर होता. हा कारनॅक आधीं स्वतः कंपनीचा अध्यक्ष होता, तेव्हां दाद मागावयाची कोणाकडे हें उघडच आहे. तरीहि महाराजांचे वकील म्हणून रंगो बापूजी गुप्ते लंडनला गेले आणि १८४० पासून १८५३ पर्यंत सुमारें तेरा वर्षें तेथें राहिले. त्यांनीं अर्ज छापले, जोसेफ ह्यूम व जॉर्ज टॉमसन यांच्यासारखे पुढारी मिळविले, आणि लेडनहॉल रस्त्यावरील त्याच घरांत भागधारकांच्या सभांतून साताऱ्याचा प्रश्न पुनःपुन्हां उभा करविला. परक्या हवेंत, पैशाची नड सोसून, आपल्या धन्याच्या कामास चिकटून राहिलेला हाहि एक कारकूनच होता, असें म्हटलें तर तें त्यांस कमीपणाचें नाहीं. तर्कशास्त्राचीं मुद्रितें तपासलीं जात होतीं त्याच वर्षांत हा मराठी वकील त्याच जिन्यांवरून चढउतार करीत होता.

१८४७ च्या ऑक्टोबरांत प्रतापसिंह काशीस नजरकैदेंतच वारले. ५ एप्रिल १८४८ रोजीं त्यांचे बंधु अप्पासाहेब महाराज साताऱ्यास वारले; दत्तक नामंजूर करावा असें डलहौसीनें ठरविलें, मुंबईचा गव्हर्नर क्लार्क याचें मत उलट होतें, आणि १८४९ च्या आरंभीं संचालकांनीं डलहौसीचा निर्णय कायम केला. मिलचें अर्थशास्त्र बाहेर पडलें तोहि महिना १८४८ चा एप्रिलच. आणि त्याच वर्षाच्या मार्च महिन्यापासून, पुण्यास, कंपनीच्याच एका कचेरींत भाषांतरकार म्हणून लागलेला पंचवीस वर्षांचा एक तरुण मुंबईच्या प्रभाकर पत्रांत ‘लोकहितवादी’ या टोपणनांवाखालीं दर आठवड्यास पत्रें लिहूं लागला होता. गोपाळ हरि देशमुखांचीं शतपत्रें तीं हींच. एका धन्याच्या दोन नोकरांनीं, पृथ्वीच्या दोन टोंकांस, कचेरीबाहेरच्या वेळांत एकाच वर्षीं केलेलें हें लेखन आहे. एकाला ‘राष्ट्रें श्रीमंत कशीं होतात’ हें सांगावयाचें होतें, दुसऱ्याला आपलें राष्ट्र दरिद्री कां झालें हें विचारावयाचें होतें. लोकहितवादींच्या मतांशीं सर्वस्वीं सहमत होणें अवघड आहे. पण सरकारी नोकराच्या लेखणीस टोपणनांवाची गरज कां लागते, हें लँबपेक्षां त्यांस अधिक तीव्रतेनें ठाऊक असलें पाहिजे.

मिलचें खुद्द मत काय होतें हें पुढें १८६६ सालीं त्यानें जॉन मोर्लेस लिहिलेल्या एका पत्रावरून समजतें. आपण नोकरींत असतां डलहौसीनें जीं राज्यें खालसा केलीं त्यांस आपली संमति होती, असें तो तेथें सांगतो. रजपुतांच्या राज्यांस स्वतःची परंपरा आहे, म्हणून वारस नसला तरी तीं राखावीं. परंतु मुसलमानी व बहुतेक मराठी राज्यें शंभर वर्षांच्या आंतल्या विजयावर उभारलेलीं, आणि त्यांचे राज्यकर्ते प्रजेला जवळजवळ इंग्रजांइतकेच परके, अशी त्याची वांटणी आहे. ग्वाल्हेर, इंदूर यांबद्दल हें वाक्य वादास घेतां येईल. साताऱ्याच्या गादीचा उगम १६७४ सालच्या रायगडावरील राज्याभिषेकांत आहे, आणि सह्याद्रीच्या कुशींतल्या प्रजेस ती परकी होती असें म्हणणें हें ज्यानें सतराशें मसुदे लिहिले त्याच्या वाचनांतलें केवढें भगदाड आहे! तर्कशास्त्रांत जो माणूस एकेका उदाहरणावर दहा दहा पानें थबकतो, तो एका देशाच्या इतिहासावरून चार ओळींत निघून जातो. आमच्या मतें हा नुसता व्यक्तीचा दोष नाहीं. जें काम ‘विश्रांतीसारखें’ वाटतें, त्यांत बुद्धीचा तेवढाच भाग खर्च होतो. उत्तम तास तत्त्वज्ञानास गेले. साताऱ्यास उरलेले मिळाले.

त्या तासांचा पैसा कोठून येई हेंहि सांगितलें पाहिजे. १८३३ च्या सनदेनें कंपनीचा व्यापार बंद झाला. तेव्हांपासून भागधारकांचा साडेदहा टक्के नफा आणि लंडनमधल्या कचेरीचा खर्च हिंदुस्थानच्या महसुलांतून जाऊं लागला. नोकरीच्या शेवटीं मिलला दोन हजार पौंड पगार होता. १८५५ सालीं व्यापारासाठीं लंडनला आलेल्या दादाभाई नौरोजींनीं या ‘होम चार्जेस’चा हिशेब पुढें जन्मभर मांडला.

१८५७ सालीं साताऱ्याच्या कटांत रंगो बापूजींचें नांव निघालें. त्यांचा मुलगा सीताराम यास फांशी दिलें; ते स्वतः निसटले ते पुन्हां कोणास दिसले नाहींत. त्याच बंडानें कंपनीचाहि शेवट झाला. १८५८ च्या आरंभीं कंपनीच्या बचावाचा जो अर्ज पार्लमेंटपुढें गेला तो मिलनें लिहिला. तो फळला नाहीं. नव्या कौन्सिलांत देऊं केलेली जागा त्यानें नाकारली आणि सालीना पंधराशें पौंड घेऊन तो निवृत्त झाला. त्याच वर्षीं नोव्हेंबरांत आव्हिन्यों येथें त्याची पत्नी हॅरिएट वारली. स्वातंत्र्यावरील निबंध १८५९ सालीं निघाला, स्त्रियांच्या दास्यावरचा १८६९ सालीं. लेडनहॉल रस्त्यावरचें घर मधल्या काळांत पाडलें गेलें. कंपनीचीं देणीं नव्या कायद्यानें हिंदुस्थानच्या तिजोरीवर आलीं होतीं, आणि ७ मे १८७३ रोजीं तो मरेपर्यंत त्याचें वेतन तेथूनच जात होतें.